बंजीच्या फळीवर पाय थरथरले, दुकानाच्या ॲग्रीमेंटवर हात थरथरला नाही



महिन्यातून एखादा तरी फोन असा येतो. "ताई, ठरलं. आता उडी मारायचीच." उडी म्हणजे काय, तर नोकरी सोडायची, गाळा घ्यायचा आणि बोर्ड लावायचा. मागच्या बॅचमधल्या इस्लामपूरकडच्या एका मुलाने तर मला बंजी जंपिंगची रीलच पाठवली. खाली लिहिलेलं, "भीतीच्या पलीकडे यश." मुलगा एमआयडीसीत नोकरीला आहे, लग्न व्हायचंय, मिसळीचं हॉटेल काढायचंय आणि त्यासाठी आईच्या नावावरची चार लाखांची एफडी मोडायची तयारी झालेली आहे.

मी त्याला लिहिलं, "ती उडी मी मारलीये. खरीखुरी. संध्याकाळी फोन कर."

त्या फोनवर जे बोलणं झालं ते व्हिडिओत बसवायचा प्रयत्न केला, पण निम्मं राहिलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. आधी उडीबद्दल, मग माझ्या दुकानाबद्दल.

गोष्ट नोव्हेंबर २०१८ ची. दिवाळीचा सीझन नुकताच संपला होता. आमचं कराडला भांड्यांचं दुकान आहे हे जुन्या लोकांना माहीत आहे. धनत्रयोदशी ते पाडवा आमच्याकडे जेवायला वेळ नसतो आणि नंतरचे आठ दिवस उभं राहायला जीव नसतो. कॉलेजच्या मैत्रिणीचं दिल्लीला लग्न होतं. दुकान सासऱ्यांवर सोडलं (आम्ही त्यांना दादा म्हणतो) आणि बीबीएच्या आम्ही चौघी लग्न उरकून ऋषिकेशला गेलो. गंगा आरती वगैरे झाली. मग एकीने मोबाईल पुढे केला, "बंजी आहे इथे. जायचं?"

मी का गेले, तर तिघींनी पैसे भरले म्हणून. बाकी काही शौर्य नव्हतं.

लक्ष्मणझुल्याकडून नीळकंठच्या रस्त्याने डोंगरात गेलं की मोहनचट्टी नावाचं गाव लागतं. तिथे कड्याला लोखंडी सांगाडा बसवलाय आणि त्याची फळी दरीवर पुढे आलेली आहे. उंची ८३ मीटर. मीटरमध्ये काही कळत नाही म्हणून मजल्यांत सांगते, साधारण सत्तावीस मजले. खाली गंगेला मिळणारी छोटी नदी, आणि नदीपेक्षा गोटेच जास्त दिसतात. तिकीट तेव्हा साडेतीन हजारांच्या घरात होतं.

तिथे पोचल्यावर आधी काय होतं, हे रीलमध्ये कुणी दाखवत नाही. आधी फॉर्म. बीपी आहे का, हृदयाचं काही आहे का, पाठीचं दुखणं, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण. मग काटा. मी सवयीने म्हटलं, "एकसष्ट." माणूस हसलासुद्धा नाही. काट्याकडे बोट केलं. चौसष्ट भरले. त्याने मार्करने माझ्या हातावर आकडा लिहिला. वर फळीकडे गेल्यावर दुसऱ्या माणसाने पुन्हा काट्यावर उभं केलं, हातावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा ताडून पाहिला आणि मग पुढे सोडलं.

मला तेव्हा त्याचा राग आला होता. एवढ्या लोकांत दोनदा चौसष्ट!

मग घोट्यांना जाड पट्टे गुंडाळतात, त्यावर आवळतात, कमरेला आणि छातीला वेगळा हार्नेस असतो. एकाने बांधलेलं दुसरा ओढून बघतो. पाय एकत्र बांधलेले असल्यामुळे पेंग्विनसारखं फुदकत फळीच्या टोकापर्यंत जायचं. बोटं फळीच्या बाहेर आली पाहिजेत. रबराची दोरी तोपर्यंत दरीत सोडलेली असते आणि तिचं वजन घोट्यांना खाली ओढत असतं. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. वाटतं, दरीच पाय धरून ओढतेय.

आता भीतीचं सांगते. तोंड कोरडं पडलं, इतकं की जीभ टाळूला चिकटली. गुडघे माझे राहिले नाहीत. कानात आपलेच ठोके. जंपमास्टर म्हणाला, "नीचे मत देखो, सामने पहाड देखो," आणि मी अर्थातच खाली बघितलं.

हे का होतं ते थोडं समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. डोळ्यांना खोली दिसली की मेंदू विचार करायला थांबत नाही. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धावायला लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं, म्हणून तोंड सुकतं. शरीर पळायच्या तयारीत असतं. आणि तुम्ही तर पाय बांधून उभे!

उंचीच्या भीतीवर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक प्रसिद्ध प्रयोग झाला. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी तो १९६० मध्ये प्रसिद्ध केला. एका टेबलावर मजबूत काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड आणि अर्ध्या भागात तेच कापड खाली जमिनीवर, म्हणजे वरून बघताना खड्डा वाटेल. रांगणारी बाळं टेबलावर ठेवली आणि पलीकडून आईने हाक मारली. आई बोलावतेय, हसतेय, तरी बहुतेक बाळं खड्ड्याच्या बाजूच्या काचेवर आली नाहीत. काच त्यांचा भार सहज पेलणारी होती. धोका शून्य होता, पण डोळ्यांना खड्डा दिसला आणि पुढचा सगळा निर्णय डोळ्यांनीच घेतला.

फळीवर माझं तेच झालं होतं. दोनदा वजन, दोनदा बांधणी, तपासलेली दोरी, कमरेला दुसरा आधार. त्या दिवशी मी केलेल्या कामांत ते काम बहुधा सगळ्यात जास्त तपासलेलं होतं. वर येताना जीपने ज्या वळणांवरून आणलं, तिथे मी खिडकीतून फोटो काढत होते.

माझ्या आधी एक मुलगा होता, दिल्लीकडचा. टोकापर्यंत गेला, उभा राहिला आणि मान हलवली. जंपमास्टरने एकदा समजावलं, दुसऱ्यांदा नाही. सोडवून परत आणलं. मागे मित्र शिट्ट्या मारत होते. पैसे परत मिळणार नव्हते. नंतर चहाच्या तिथे तो आमच्या मैत्रिणीला म्हणाला, कमरेत मणक्याचं दुखणं आहे, फॉर्मवर लिहिलं नव्हतं. त्या रांगेतल्या सगळ्यात शहाण्या माणसावर लोक हसले, असं मला आज वाटतं. तेव्हा मीही हसले होते.

मग, "थ्री, टू, वन, बंजी." मी उडी मारली असं म्हणणार नाही. पुढे कलले आणि पाय सुटले.

पहिल्या दोन सेकंदांत ओरडायचा प्रयत्न केला, आवाजच निघाला नाही. दोरी ताणली जाईपर्यंत माणूस दगडासारखाच पडत असतो. समजा वीस मीटर मोकळं पडलात, तर त्याला दोन सेकंद लागतात आणि वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. मग घोट्यांवर ओढ येते. झटका बसेल असं वाटलं होतं, पण कुणीतरी हळूच ब्रेक दाबावा तसं झालं. नदी जवळ आली, थांबली आणि लांब जायला लागली. वर जाताना मी हसत होते, दुसऱ्यांदा खाली येताना रडत होते, का ते विचारू नका. उलटी लोंबकळत असताना खालच्या माणसाने लांब बांबू पुढे केला, तो धरला आणि त्यांनी मला उतरवून घेतलं.

नंतर वीसेक मिनिटं चढण चढून परत यायचं. त्या चढणीवर मला जे वाटलं ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दगड स्वच्छ दिसत होते, हवेला वास होता. छातीवर हिमतीचा बिल्ला लावला. आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, "हे केलं, आता कशालाही घाबरायचं नाही."

मंडळी, त्या एका वाक्याने मला साडेनऊ लाखांना बुडवलं.

दोरीची गोष्ट

पैशांकडे येते, पण आधी दोरी. कारण बंजी हा धंदा कसा झाला ही गोष्ट माझ्या मते प्रत्येक नव्या दुकानदाराला माहीत पाहिजे.

प्रशांत महासागरात वानुआतू देश आहे, तिथल्या पेंटेकोस्ट बेटावरचे पुरुष पिढ्यानपिढ्या लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उड्या मारतात. मनोरे वीस-तीस मीटर उंच असतात. कंदांच्या सुगीशी जोडलेला हा विधी आहे, एप्रिल ते जूनच्या सुमाराला होतो. प्रत्येकाची वेल वेगळी, त्याच्या हिशेबाने बघून घेतलेली. पावसाळ्यानंतर वेलीत ओल असते, म्हणून ती ताण खाते. १९७४ मध्ये ब्रिटनची राणी तिथे येणार म्हणून सीझन नसताना, फेब्रुवारीत, उड्यांचा कार्यक्रम ठेवला गेला. वेली हव्या तशा लवचिक झालेल्या नव्हत्या. एका माणसाची वेल तुटली आणि तो गेला. माणूस तिथलाच, विधी तोच, मनोराही तसाच. सीझन तेवढा चुकला होता.

या वेलींच्या उड्यांवरून इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या डेंजरस स्पोर्ट्स क्लबच्या पोरांना सुचलं. १ एप्रिल १९७९ ला त्यांच्यापैकी काहींनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोऱ्या बांधून उड्या मारल्या. उंची सुमारे ७६ मीटर. पोलिसांनी पकडलं, पेपरात आलं. मजा होती, धंदा नव्हता.

धंदा केला न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने, हेन्री व्हॅन ॲश या जोडीदाराबरोबर. दोघे स्कीइंगवाले. हॅकेटने त्या ऑक्सफर्डवाल्यांचं शूटिंग पाहिलं होतं. सगळे त्याची पॅरिसची गोष्ट सांगतात. २६ जून १९८७ ला त्याने आयफेल टॉवरवरून उडी मारली, पोलिसांनी उचललं, थोड्या वेळाने सोडलं आणि जगभर फुकट जाहिरात झाली. मोटिव्हेशनवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. पण त्याच्या आधीचा कंटाळवाणा भाग कुणी सांगत नाही. हा माणूस ऑकलंडमध्ये शास्त्रज्ञांची मदत घेऊन रबर तपासत बसला होता. किती वजनाला किती ताणलं जातं, किती वेळा ताणल्यावर कमजोर होतं. १९८६ मध्ये ऑकलंडच्या एका पुलावर स्वतःवर प्रयोग झाला. आयफेल टॉवर त्यानंतरचा.

१२ नोव्हेंबर १९८८ ला क्वीन्सटाउनजवळ, कावराऊ नदीवरच्या १८८० साली बांधलेल्या जुन्या पुलावर त्यांनी व्यवसाय म्हणून पहिलं ठिकाण सुरू केलं. उंची ४३ मीटर, म्हणजे मी मारली त्याच्या जेमतेम निम्मी. सरकारी परवाना फक्त तीस दिवसांचा. पहिल्या दिवशी अठ्ठावीस लोकांनी प्रत्येकी ७५ डॉलर भरले. गुणाकार करा, २,१०० डॉलरचा गल्ला. जगात ज्याची चर्चा झाली होती त्या माणसाने पहिलं दुकान सगळ्यात उंच जागी काढलं नाही, रस्त्यालगतच्या एका जुन्या पुलावर काढलं आणि तेसुद्धा महिन्याभराच्या परवान्यावर. त्याच भागातली नेव्हिसची १३४ मीटरची मोठी उडी आली १९९९ मध्ये. अकरा वर्षांनी!

आता दोरीचं गणित. या पद्धतीची दोरी म्हणजे लेटेक्स रबराचे शेकडो बारीक धागे एकत्र बांधलेले. तुम्ही पडताना जी ताकद जमा होते, ती सगळी हे रबर ताणलं जाऊन पोटात घेतं. लोखंडी तार बांधली तर तार टिकेल, माणूस टिकणार नाही, कारण तो क्षणात थांबेल. रबर त्याला सावकाश थांबवतं. पण किती सावकाश, ते वजनावर ठरतं. पन्नास किलोच्या माणसाला नव्वद किलोवाल्याची दोरी बांधली तर ती त्याला नीट ताणली जाणार नाही, झटका जोरात बसेल. नव्वद किलोवाल्याला पन्नासवाल्याची बांधली तर ती गरजेपेक्षा जास्त ताणली जाईल, आणि खाली गोटे आहेत. म्हणून तो काट्यावरचा माणूस हसला नव्हता. माझ्या "एकसष्ट"वर त्याने विश्वास ठेवला असता तर तो माझा मान राखणं नव्हे, माझ्या जिवाशी खेळणं झालं असतं.

शिवाय रबर म्हातारं होतं. ऊन लागलं की खराब होतं, ताणून ताणून थकतं. म्हणून कोणत्या दोरीवर किती उड्या झाल्या याची वही ठेवतात आणि ठरलेला आकडा आला की चांगली दिसणारी दोरीसुद्धा बाद करतात. आपल्याकडे उधारीची वही किती जण रोज बघतात, ते ज्याने त्याने आपल्याशी विचारावं.

माझी दुसरी उडी

ऋषिकेशहून आल्यावर तीन आठवड्यांच्या आत मी दुसऱ्या दुकानाच्या ॲग्रीमेंटवर सही केली.

हायवेलगत नवं कॉम्प्लेक्स झालं होतं. काचेचा दर्शनी भाग, पार्किंग. मला वाटलं, इथे नुसती भांडी कशाला, मॉड्युलर किचनची ॲक्सेसरी, नॉनस्टिक, गिफ्ट सेट ठेवू. दादा म्हणाले, "सूनबाई, त्या बाजूला संध्याकाळी माणसं दिसतात का बघून ये चार दिवस." मी म्हटलं, "दादा, तुम्ही फार घाबरता." नवऱ्याला तर मी बंजीचा व्हिडिओच दाखवला. काय बोलणार बिचारा.

सही करताना मला काय वाटलं माहितीये? काहीच नाही. तोंड सुकलं नाही, गुडघे हलले नाहीत. एसी ऑफिस, समोर चहा, पेन चांगलं होतं. लॉक-इनचं कलम वाचलं आणि पान उलटलं.

आकडे सांगते, लपवायचं काही नाही. डिपॉझिट तीन लाख. फर्निचर साडेचार लाख. महिन्याचं भाडं २८ हजार, दोन मुलींचे पगार २२ हजार, लाइट ४ हजार, कर्जाचा हप्ता १४ हजार. एकूण ६८ हजार. माझं सरासरी मार्जिन २० टक्के. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला ३ लाख ४० हजारांची विक्री हवी. हे गणित बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात, मी त्यात पास झालेले आहे. पण ते मी दुकान उघडल्यावर चौथ्या महिन्यात केलं. विक्री येत होती सरासरी १ लाख ६० हजार. त्यातून सुटायचे ३२ हजार. महिन्याला ३६ हजार खिशातून.

जानेवारी २०१९ ते फेब्रुवारी २०२०, चौदा महिने. ३६ हजार गुणिले चौदा म्हणजे ५ लाख ४ हजार. फर्निचर विकून आले १ लाख १० हजार, तिथे ३ लाख ४० हजार गेले. लॉक-इन अठरा महिन्यांचं होतं, उरलेल्या चार महिन्यांचं भाडं, १ लाख १२ हजार, डिपॉझिटमधून कापलं. बरोबरच होतं, मी सही केली होती. बेरीज ९ लाख ५६ हजार.

बरेच जण सहानुभूतीने म्हणतात, "कोरोनाने बसवलं ना?" नाही हो. लॉकडाऊनच्या महिनाभर आधीच मी शटर ओढलं होतं. कोरोनावर ढकलणं सोपं आहे, पण ते खोटं होईल.

आणि रस्त्याच्या त्या बाजूला संध्याकाळी माणसं खरंच नसायची. गाड्या असायच्या. भरधाव.

आता दोन्ही उड्या शेजारी ठेवून बघा. फळीवर भीती डोंगराएवढी आणि धोका अगदी कमी, कारण धोक्याचं काम माझ्या आधी कुणीतरी काट्यावर आणि वहीत करून ठेवलं होतं. ॲग्रीमेंटवर भीती नावाला नाही, आणि धोका एवढा की त्यात माझे दागिने गेले. शरीराला उंची कळते, लॉक-इन पिरियड कळत नाही. भाड्याच्या आकड्याने कुणाचे गुडघे थरथरत नाहीत.

म्हणून "भीती वाटतेय म्हणजे योग्य मार्गावर आहेस" असं कुणी सांगितलं तर मी कान बंद करते. "भीती वाटत नाही, आतून आवाज येतोय" हेही तितकंच पोकळ. पहिली शाखा टाकताना जी धाकधूक होते, तिचा तुमच्या कॅश फ्लोशी काही संबंध नसतो. आणि एका भीतीवर मात केल्याचा आनंद दुसऱ्या ठिकाणी घेऊन जाणं सगळ्यात घातक. उडीनंतरची ती नशा काही दिवस उतरत नाही. तेवढ्या दिवसांत कशावरही सही करू नका. ट्रेनिंगमधून, सेमिनारमधून, माझ्या व्हिडिओवरून उठल्यावरसुद्धा नाही. माझं नुकसान झालं तरी चालेल, हे मी लिहून देते.

अपघात कुठे होतात

बंजीत अपघात होत नाहीत असं नाही. पण जे झाले ते वाचले की एक गोष्ट दिसते, माणूस बहुतेक वेळा हिमतीत कमी पडलेला नसतो.

अमेरिकेत १९९७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सुपर बोलच्या मध्यंतराच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. त्यात बंजी करणारी एक कसलेली सर्कस कलाकार गेली. तिचा अनुभव कमी नव्हता, दोरी सांभाळण्यात चूक झाली होती. त्याच वर्षी व्हर्जिनियात एका तरुणाने सामान बांधायच्या रबरी दोऱ्या स्वतः जोडून रेल्वे पुलावरून उडी मारली. दोरीची लांबी पुलाच्या उंचीपेक्षा जास्त निघाली. ताणायच्या आधीच जास्त! ही बातमी मी बॅचमध्ये सांगते तेव्हा पोरं हसतात. मग मी विचारते, तुमच्यापैकी किती जणांनी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढलाय? हसू थांबतं.

स्पेनची गोष्ट जास्त लागते. २०१५ मध्ये एका पुलावर सतरा वर्षांची डच मुलगी उभी होती. तिची दोरी अजून पुलाला जोडलेली नव्हती. शिकवणाऱ्याचं इंग्रजी कच्चं होतं. त्याला "नो जंप" म्हणायचं होतं, तिला "नाऊ जंप" ऐकू गेलं असावं, असं पुढे कोर्टात आलं. एका अक्षराचा फरक. भागीदारीत "बघू, करू" या दोन शब्दांवर किती दुकानं गेली ते मी डोळ्यांनी बघितलंय. एकाला ते होकार वाटतं, दुसऱ्याला नकार.

आणि एक वाचलेली. ३१ डिसेंबर २०११ ला आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सच्या पुलावर, १११ मीटरवरून उडी मारलेल्या ऑस्ट्रेलियन मुलीची दोरी तुटली. ती झांबेझी नदीत पडली आणि पाय बांधलेल्या अवस्थेत पोहत बाहेर आली. काही दिवसांनी झांबियाच्या पर्यटन मंत्र्यांनी स्वतः तिथून उडी मारून दाखवली, लोकांचा विश्वास परत यावा म्हणून. मंत्र्यांची हिंमत मान्य. पण मी गिऱ्हाईक असते तर मला मंत्र्यांची उडी नको होती, दोरीची वही बघायची होती.

तर त्या मुलाचं काय

फोनवर मी त्याला हे सगळं थोडक्यात सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे ताई, करू नको म्हणताय?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. काट्यावर उभा राहा म्हणतेय."

रविवारी तो कराडला आला. दुकानाच्या मागे आम्ही गोणपाटावर बसलो, दादांनी चहा मागवला. कागदावर त्याने हॉटेलचा खर्च लिहिला, भाडं, आचारी, दोन पोरं, गॅस, फरसाण, पाव, लाइट. महिन्याला ७२ हजार निघाले, त्यात स्वतःचा पगार नव्हता. एका प्लेटमागे किती सुटतं हे त्याला माहीत नव्हतं. अंदाज सांगितला, तीस रुपये. दादांनी विचारलं, "तेलाचा भाव आजचा धरलास का?" नव्हता धरला. शेवटी त्या कागदाने एक गोष्ट सांगितली. ज्या गाळ्यासाठी आईची एफडी मोडायची होती, तिथे रोज किती प्लेटा विकायला लागतील याचा आकडा त्याने तोपर्यंत कधी काढलाच नव्हता.

एफडी अजून मोडलेली नाही. त्याच्या ओळखीच्या एका चहावाल्याची टपरी रविवारी बंद असते, ती त्याने रविवारपुरती पाचशे रुपयांना मागितली. नोकरी चालू आहे. एफएसएसएआयची नोंदणी करून घेतली. मसाला आईचा, तर्री त्याची. मी त्याला एकच अट घातली होती, वही. किती प्लेटा, किती पाव उरले, कोण दुसऱ्यांदा आलं.

पाच रविवार झाले. पहिल्याला ४१ प्लेटा गेल्या, सगळे ओळखीचे. दुसऱ्याला २७. तिसऱ्याला ५८, कारण शेजारच्या मैदानावर क्रिकेटची मॅच होती. चौथ्याला ६२. आणि काल पाऊस होता, फक्त १९ गेल्या, पावाची दोन पुडकी घरी न्यावी लागली.

रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, आज जरा भीती वाटली."

मी विचारलं, "तेल कितीचं आणलंस?"

आकडा लगेच आला. पैशांसकट.